कूबर पीडीला नुसतं झोपायला थांबू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की जुलैच्या शाळेच्या सुट्टीत मेलबर्नहून गाडीने निघून ॲडलेडमार्गे उलुरूच्या त्या प्रसिद्ध लाल खडकापर्यंत जायचंय, सोबत 9 आणि 5 वर्षांची दोन मुलं आणि नाशिकहून आलेले सासूसासरे, वाटेत कूबर पीडीला, म्हणजे साऊथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव आहे तिथे, एक रात्र टाकली तर पुरते का, तिथलं ते जमिनीखालचं हॉटेल म्हाताऱ्या माणसांना झेपेल का, आणि सासूबाईंना शुक्रासाठी ओपल घ्यायचाय तर तो तिथूनच घ्यावा का. तिन्हीची उत्तरं देते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे कशाच्या जोरावर बोलतेय ते कळेल. माहेर कोल्हापूर, गुजरीत वडलांचं छोटं दुकान, त्यामुळे खडे बघतच मोठी झाले. ॲडलेडला येऊन 17 वर्षं झाली आणि त्यातली बहुतेक वर्षं मी ओपल कापायचं आणि पॉलिश करायचं काम करतेय. रफ, म्हणजे न कापलेला, माल आणायला वर्षातून दोनतीनदा कूबर पीडीला जाणं होतं, कधी एकटी, कधी नवरा आणि मुलांसकट, आणि दोनदा आईबाबांनाही नेलंय. त्यामुळे व्यापारी म्हणून आणि "आई कधी पोचणार" ऐकणारी बाई म्हणून, दोन्हीकडून तो रस्ता मला पाठ आहे.

एक रात्र पुरत नाही. दोन टाका. कारण सांगते. तुमच्या प्लॅनमध्ये ॲडलेड ते कूबर पीडी एका दिवसात आहे, म्हणजे साधारण 850 किलोमीटर. नुसतं ड्रायव्हिंग नऊ तास, त्यात पाच वर्षांचं लेकरू, आजोबांचे गुडघे, दर दीड तासाने शू, की झाले बारा तास. आणि जुलैत तिकडे सूर्य उगवतो साडेसातच्या सुमारास आणि मावळतो पावणेसहाला. म्हणजे एकतर पहाटेच्या अंधारात निघायचं नाहीतर संध्याकाळच्या अंधारात पोचायचं, आणि स्टुअर्ट हायवेवर अंधारात गाडी चालवणं हा प्रकार टाळायचाच. कांगारू, इमू, आणि सगळ्यात वाईट म्हणजे काळी गाय, जी हेडलाइटमध्येसुद्धा दिसत नाही. भाड्याची गाडी असेल तर कॉन्ट्रॅक्ट नीट वाचा, बऱ्याच कंपन्या गावाबाहेर रात्री चालवलं तर इन्शुरन्स देत नाहीत. रात्री साडेदहाला पोचून झोपायचं, सकाळी उठून पुढे सातशे-साडेसातशे किलोमीटर पळायचं, तर मग कूबर पीडीत तुम्ही बघितलं काय, एक पेट्रोलपंप आणि एक बिनखिडकीची खोली. मग लोक येऊन सांगतात की काही नाहीये हो तिथे, भकास गाव आहे.

भकास आहे, ते खरंच. देखणं गाव मुळीच नाही ते. झाड नाही, गवत नाही, वर्षाचा पाऊस आपल्याकडे एका चांगल्या दिवसात पडतो तेवढा, रस्त्याकडेला गंजलेल्या मशिनी, जुन्या गाड्यांचे सांगाडे, कुठल्याशा पिक्चरवाल्यांनी शूटिंगनंतर मागे टाकलेलं एक अंतराळयानसुद्धा मेन रोडजवळ पडलेलं असतं (मुलं त्याच्यापुढे फोटो काढल्याशिवाय हलत नाहीत). बघण्यासारखं जे आहे ते सगळं जमिनीच्या पोटात, आणि ते बघायला एक अख्खा दिवस लागतो.

तर माझं म्हणणं असं: ॲडलेडहून दुपारी जेवून निघा आणि पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टाला करा, 310 किलोमीटर, आरामात. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर निघून 540 किलोमीटर, दुपारी तीनसाडेतीनपर्यंत कूबर पीडी. तिसरा पूर्ण दिवस तिथेच. चौथ्या दिवशी पुढे, पण तेही एकदम उलुरूपर्यंत नको, कारण ते 750 किलोमीटर आहे आणि पुन्हा तोच अंधाराचा घोळ. एर्लडंडाला थांबा, जिथून उलुरूचा फाटा फुटतो, ते साधारण 490 वर येतं, मोटेल आहे, आवारात इमू पाळलेत, मुलं खूश. पाचव्या दिवशी सकाळी उरलेले अडीचशे.

पोर्ट ऑगस्टा सोडलं की पेट्रोलचं गणित डोक्यात ठेवायचं. पिंबा साधारण 170 वर, तिथून ग्लेनडाम्बो 110-115, आणि ग्लेनडाम्बो ते कूबर पीडी 250 किलोमीटर मधे काही म्हणजे काही नाही. पिंबालाच टाकी फुल करा, ग्लेनडाम्बोच्या भरवशावर राहू नका, या रोडहाऊसचे चालूबंदचे प्रकार होत असतात. फोनला रेंज त्यातल्या त्यात टेल्स्ट्रा कंपनीची बरी, तीही गावापाशीच, मधे शंभरशंभर किलोमीटर शून्य. पाणी डिकीत वीसेक लिटर असू द्या. आणि रोड ट्रेन, म्हणजे तीन-तीन ट्रेलर जोडलेले ट्रक, 53 मीटरपर्यंत लांब असतात, त्यांना ओव्हरटेक करायला जो वेळ लागतो तो आपल्या अंदाजाच्या दुप्पट धरा. समोरचा रस्ता एक किलोमीटर मोकळा दिसल्याशिवाय बाहेर काढायचीच नाही.

वाटेत दोन थांबे मात्र चुकवू नका. पिंबाहून सहा किलोमीटर आत वूमेरा आहे, 1947 साली रॉकेट चाचण्यांसाठी वसवलेलं गाव, तिथे उघड्यावर रॉकेटं आणि विमानं मांडून ठेवलीत, फुकट. तुमचा नऊ वर्षांचा तिथून हलणार नाही. आणि पुढे लेक हार्ट, पांढरं शुभ्र मिठाचं तळं, हायवेला लागूनच. त्या सगळ्या पट्ट्यात वूमेराचं लष्करी क्षेत्र आहे, महाराष्ट्राच्या एक तृतीयांशाहून मोठं, त्यामुळे हायवे सोडून मनाला येईल तिथे गाडी आत घालायची नाही, तसे बोर्डही आहेत.

कूबर पीडी जवळ आलं की आधी गाव दिसत नाही, ढिगारे दिसतात. भाईंदरच्या मिठागरात मिठाच्या राशी असायच्या ना, तशा, पण क्षितिजापर्यंत, हजारो, पांढऱ्या, फिकट गुलाबी, काही पिवळट. प्रत्येक राशीशेजारी एक भोक आहे असं धरून चाला. ड्रिलने पाडलेला साधारण एक मीटर रुंदीचा सरळ उभा खड्डा, वीसतीस मीटर खोल, आणि वर ना कठडा ना झाकण. बोर्ड लावलेत, पळू नका, उलटं चालू नका, त्यावर खड्ड्यात पडणाऱ्या माणसाचं चित्र आहे, पर्यटक हसतात आणि त्या बोर्डाचाच फोटो घ्यायला दोन पावलं मागे सरकतात. मी हे माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आमच्याच ग्रुपमधल्या एकांनी केलं, काही झालं नाही नशिबाने. मुलांना गावातच उतरवा, खाणींच्या मैदानात फोटोसाठीसुद्धा उतरवू नका. यात गंमत नाही.

आता हॉटेल. "जमिनीखाली" म्हटलं की सासूबाईंच्या डोळ्यांपुढे तळघर आणि जिना येत असेल. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. टेकडीच्या कुशीत आडवं खोदत नेलेलं असतं, दार रस्त्याच्या पातळीला, आत सपाट चालत जायचं. तिथे या घरांना डगआउट म्हणतात. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक इथे नशीब काढायला आले, खंदकात राहायची सवय होतीच, त्यांनी उन्हाळ्याला कंटाळून अशी घरं करायला सुरुवात केली, आणि आज दीड हजारांच्या आसपासच्या वस्तीतली निम्म्याहून जास्त माणसं तशीच राहतात. बाहेर जानेवारीत 45 असो नाहीतर जुलैच्या रात्री पाचसहा, आत वर्षभर 23 ते 25. ना एसी, ना हीटर. तुमच्या सासऱ्यांना सांगा, पांडवलेणी पाहिलीत ना, तशीच ही लेणी, फक्त तिथे काळा कातळ छिन्नीने फोडलाय आणि इथे मऊ वालुकाश्म मशिनने खरवडलाय. भिंतीवर त्या मशिनचे गोल गोल वळसे तसेच ठेवतात, लालसर, मधेच पांढरा पट्टा, वरून पारदर्शक सीलर मारतात म्हणजे अंगावर धूळ पडत नाही. हात फिरवून बघावासा वाटतोच.

बुकिंग करताना मात्र फोन करूनच विचारा: खोलीपर्यंत पायऱ्या किती, बाथरूम खोलीत की बाहेर, आणि खोली खरंच खडकात आहे का, कारण काही ठिकाणी खोल्या अर्ध्या वर अर्ध्या आत असतात आणि पैसे सारखेच. सगळ्यात जुनं मोठं नाव डेझर्ट केव्हचं, तिथे वरच्या खोल्याही मिळतात, म्हणजे कुणाचा जीव घुसमटायला लागला तर पर्याय राहतो. घुसमट मात्र सहसा होत नाही, कारण छत उंच असतं आणि हवेसाठी वर टेकडीच्या माथ्यापर्यंत पाइप काढलेला असतो.

त्रास होतो तो अंधाराचा. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. दिवा बंद केला की जो अंधार होतो तो आपण घरात कधी बघितलेलाच नसतो, डोळ्यापुढे हात धरला तर हात दिसत नाही, दहा मिनिटं झाली तरी दिसत नाही, कारण कुठून फटीतूनसुद्धा उजेड येत नाही. माझी धाकटी तेव्हा चार वर्षांची, रात्री दोनला उठली आणि किंचाळायला लागली की मला दिसत नाहीये, माझे डोळे गेले. तिला वाटलं ती आंधळी झाली. मला स्वतःला बटण सापडेना, भिंत चाचपत फिरतेय, भिंत ओबडधोबड, नवरा पलीकडून विचारतोय काय झालं, दोनतीन मिनिटांचा गोंधळ पण आयुष्यभर लक्षात राहिला. तेव्हापासून पंधरा डॉलरचा प्लगमधला नाइट लाइट माझ्या बॅगेत पहिला जातो. सासूसासऱ्यांच्या खोलीतही एक लावा, रात्री बाथरूमला उठतात. आणि सकाळी कळत नाही सकाळ झालीय, गजर लावा नाहीतर नऊपर्यंत सगळे गाढ. आईची मात्र तक्रार वेगळीच होती, कोंबडा नाही कावळा नाही, इतकी शांतता कशाला हवी म्हणे.

जेवणाचं सांगते, कारण आजीआजोबा शाकाहारी असतील असं धरतेय. पिझ्झा मिळतो, चांगला मिळतो, ग्रीक-इटालियन-सर्बियन-क्रोएशियन अशी चाळीसेक देशांची माणसं इथे खाणीच्या मागे येऊन स्थिरावलीत त्यामुळे खाणं एकसुरी नाही. पण दोन दिवस पिझ्झा आजोबांना चालणार नाही, तर किचनवाली केबिन बघा किंवा छोटा राइस कुकर घ्या, मेतकूट, चटणी, लोणचं, झालं काम. एक महत्त्वाचं, मेलबर्नहून साऊथ ऑस्ट्रेलियात शिरताना फळं, टोमॅटो, मिरच्या काही आणू नका, फ्रूट फ्लाय, म्हणजे फळमाशीमुळे बंदी आहे आणि दंड जबर असतो. सगळं बॉर्डर ओलांडल्यावर, म्हणजे पोर्ट ऑगस्टाला घ्या. कूबर पीडीत सुपरमार्केट आहे पण भाजी महाग, आणि का नसेल, पाणीसुद्धा जमिनीतून खारं उपसून गोडं करावं लागतं तिथे. नळ सोडून दात घासू नका, मुलांना आधीच बजावा.

मोकळ्या दिवसाचं काय करायचं, तर सकाळी उमूना ओपल माइन अँड म्युझियमला जा. चालायला सोपं, आजीआजोबांनाही जमतं, खाण आणि घर दोन्ही बघून होतं. तिथेच मुलांना ओपलची गोष्ट सांगायला सोपं पडतं: अकरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्यातले शिंपले, बेलेम्नाइट नावाचे माकुळासारखे प्राणी, मोठमोठे समुद्री सरपटणारे प्राणी, सगळे गाळात गाडले गेले, समुद्र आटला, पुढे सिलिका विरघळलेलं पाणी मुरत मुरत भेगांत आणि त्या शिंपल्यांच्या पोकळ्यांत साचलं आणि हळूहळू घट्ट झालं. म्हणून इथे शिंपला सापडतो तो अख्खा ओपलचा. मुलाला शिंपला दाखवा, तो नंतरचे दोन तास तुम्हाला त्रास देणार नाही.

नंतर ओल्ड टायमर्स माइन, 1916 सालची खरी खाण, हेल्मेट घालून आपलं आपण फिरायचं, मुलांना हे जास्त आवडतं, पण छत बुटकं आहे, ठिकठिकाणी वाकावं लागतं, आजोबांना गुडघे-कंबर असेल तर त्यांना वर चहा प्यायला बसवा. तिथे ब्लोअर चालवून दाखवतात. ब्लोअर म्हणजे ट्रकवर बसवलेला राक्षसी व्हॅक्यूम क्लीनर, खाणीतली माती पाइपातून वर ओढून फेकतो, त्या ढिगाऱ्यांतले कितीतरी त्यानेच केलेले. गावाच्या नावाची पाटीसुद्धा असल्याच एका ट्रकवर लावलीय.

दुपारी सर्बियन चर्च बघा, मी तर म्हणते एकच गोष्ट बघायची असेल तर ही. बाहेरून काही कळत नाही, आत शिरलं की अचानक केवढा उंच दगडी गाभारा, रंगीत काचा, भिंतीत कोरलेले संत, आणि गारवा. आमचे बाबा चपला काढूनच आत गेले, गरज नव्हती. दानपेटीत काहीतरी टाका. मुलं कंटाळली तर कांगारूंचं अनाथालय आहे, रस्त्यावर आया मेलेल्या पिल्लांना वाढवतात, ठरावीक वेळी दाखवतात, वेळ सकाळीच विचारून घ्या. गोल्फचं मैदान गाडीतूनच दाखवा, गवताचं पातं नाही, खेळणारे हिरवा चौकोनी तुकडा बरोबर घेऊन फिरतात आणि त्यावर चेंडू ठेवून मारतात. फेज नावाचं एक घर आहे, फे नेलर नावाच्या बाईने दोन मैत्रिणींना घेऊन 1960 च्या दशकात कुदळ-फावड्याने खोदलेलं, चालू असेल तर नक्की जा. तीन बायकांनी हाताने पाडलेलं घर, तेही स्विमिंग पूलसकट, मला तर दरवेळी नव्याने हेवा वाटतो.

आणि मुलांसाठी खरी मजा: नूडलिंग. म्हणजे दुसऱ्यांनी उपसून टाकलेल्या ढिगाऱ्यात सुटलेले ओपलचे तुकडे शोधायचे. त्यासाठी ज्वेलर्स शॉप रोडवर सगळ्यांना मोकळी जागा ठेवलीय, तिथेच करायचं, दुसऱ्याच्या क्लेमवर, म्हणजे त्याने नोंदवून घेतलेल्या खाणीच्या जागेवर, पाय ठेवायचा नाही, तिथे हे फार गंभीरपणे घेतात. बरोबर पाण्याची फवारणीची बाटली घ्या, जुना झारा किंवा चाळण घ्या, ऊन पाठीवर घेऊन बसायचं आणि दगड ओला करून तिरका धरायचा. बहुतेक पॉच निघतं, पॉच म्हणजे रंग नसलेला ओपल, दुधी, करडा. कधीकधी एका कडेला सुईएवढा हिरवा झळकतो आणि मग काय, आरडाओरडा. आमच्या मोठ्याने पहिल्यांदा शोधलेला हिरवा झळाळता तुकडा बिअरच्या बाटलीचा निघाला, ते त्याला आम्ही दोन दिवस सांगितलंच नाही. आणि मुलांना सांगा की या गावातला पहिला ओपल एका पोरानेच शोधलाय: 1 फेब्रुवारी 1915, विली हचिसन, वय 14, बाप आणि बाकीची मंडळी सोनं शोधत होती, सोनं मिळेना आणि पाणीही संपत आलेलं. हे ऐकल्यावर तुमची पोरं तास-दीड तास तरी उन्हात निमूट खणतील.

चार वाजता सगळं सोडून ब्रेकअवेज. गावाच्या उत्तरेला तीसेक किलोमीटर, पांढऱ्या-पिवळ्या-गेरू रंगाच्या सुट्या टेकड्या, सूर्य कलला की मिनिटामिनिटाला रंग बदलतात. ही जागा तिथल्या मूळ लोकांची आहे, कांकू हे तिचं त्यांचं नाव, गाडीमागे परमिट काढावं लागतं, ते काढाच. रस्ता कच्चा आहे, कोरड्यात साधी गाडी जाते, पण भाड्याच्या गाडीला कच्चा रस्ता चालतो का ते परत कॉन्ट्रॅक्टमध्ये बघा, चालत नसेल तर गावातून टूरची व्हॅन घ्या, खरं तर अंधारात परत यायला तीच बरी. पाऊस पडला असेल तर रस्ता बंद करतात, बंद म्हणजे बंद. जवळच डॉग फेन्स आहे, डिंगो कुत्र्यांना दक्षिणेतल्या मेंढ्यांपासून लांब ठेवायला घातलेलं पाच हजारांहून जास्त किलोमीटरचं कुंपण. दिसायला आपल्या शेताच्या तारेसारखं, सासरे म्हणतील एवढंच?

आता तिसरा प्रश्न, म्हणजे माझा धंदा.

कूबर पीडीचा ओपल मुख्यतः पांढरा म्हणजे दुधी अंगाचा, नाहीतर क्रिस्टल, म्हणजे पारदर्शक अंगाचा. काळा ओपल लाइटनिंग रिजचा, बोल्डर ओपल क्वीन्सलँडचा, तिथे ते दुकानात मिळतील पण तिथले नव्हेत. आतला रंग कसा येतो ते सांगितलं की भाव कळायला सोपं जातं. ओपल म्हणजे सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे, मधे थोडं पाणी. लाडवातली बुंदी समजा. बुंदी सगळी एका मापाची आणि नीट थरावर थर रचलेली असेल तर उजेड आत शिरून रंगांत फुटतो, बुंदी लहानमोठी आणि कशीही पडली असेल तर तेच पॉच. हे 1964 साली इथल्याच शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दाखवलं. बुंदी बारीक तर निळा, जाड तर लाल. जाड आणि तरी एकसारखी बुंदी दुर्मीळ, म्हणून लाल झळकणारा खडा महाग आणि नुसता निळा-हिरवा त्यामानाने स्वस्त. पण रंगाच्याही आधी झळाळी बघायची, मंद लालपेक्षा झगझगीत हिरवा चांगला.

दुकानात दिवे असे लावलेले असतात की पॉचसुद्धा नटून बसावं. खडा हातात घ्या, दिव्याखालून बाजूला व्हा, दारापाशी सावलीत जा आणि तिथे फिरवून बघा. सावलीत जो जिवंत राहतो तो घ्या. चारी बाजूंनी कलवा, एकाच कोनात चमकत असेल तर अंगठीत तो कोन दिवसातून दोनदा येईल.

मग कडेने बघा, आडवा धरून. सॉलिड म्हणजे अख्खा एक दगड. डबलेट म्हणजे ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला, कडेने बघितलं की सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसते. ट्रिप्लेट म्हणजे त्यावर आणखी काचेचा किंवा स्फटिकाचा घुमट, मधला ओपल कागदाएवढा. यात फसवणूक नाही, सांगून विकतात, दिसतात सुंदर आणि स्वस्त पडतात, नणंदेला पेंडंट द्यायला छान. पाण्यात मात्र ठेवायचे नाहीत, गोंदात पाणी शिरून ढग येतात. पण सासूबाईंना शुक्रासाठी हवाय ना, तर ज्योतिषी सांगतात की खडा नैसर्गिक आणि बोटाला टेकला पाहिजे, आणि ट्रिप्लेटमध्ये बोटाला टेकणार काळी काच. शुक्र त्याने प्रसन्न होतो की नाही ते मी सांगू शकत नाही, पण सासूबाई नक्की होणार नाहीत. म्हणून बिलावर "सॉलिड नॅचरल ओपल", वजन आणि सापडल्याचं ठिकाण लिहून घ्या. तिथे रत्ती कुणाला कळत नाही, कॅरटमध्ये बोला, 5 कॅरट म्हणजे 1 ग्रॅम. आपल्याकडे सध्या स्वस्तात जे झगझगीत ओपल मिळतात ते बरेचसे इथिओपियाचे असतात, ते वाईट नाहीत पण पाणी-तेल पितात, पोळ्या लाटताना घालणाऱ्या बाईने घेऊ नयेत. ऑस्ट्रेलियन पाणी पीत नाही. तरी ओपल मऊच, साध्या धुळीतली वाळूसुद्धा त्याहून कठीण, त्यामुळे रोजच्या अंगठीपेक्षा मागून उघडं पेंडंट बरं, छातीला टेकतं आणि ओट्यावर आपटत नाही. अंगठीच हवी असेल तर चारी बाजूंनी सोन्याची पट्टी असलेली करा, चिमट्याची नको.

रफ घेऊ नका. मी घेतला होता, पहिल्याच खेपेला, आणि मी तर धंद्यातली. एकाने काचेच्या बरणीत पाण्यात ठेवलेले दगड दाखवले, काय रंग, हिरव्यावर केशरी लोळतंय, भाव केला, पैसे दिले, ॲडलेडला येऊन टेबलावर फडक्यावर वाळत टाकले आणि सकाळी बघते तर निम्म्यांवर केसासारख्या बारीक भेगा आणि बाकीच्यांत रंगाच्या पट्टीतच वाळू. ओलं असताना दोन्ही दिसत नाही. बाबांना फोन केला तर ते रागावलेसुद्धा नाहीत, म्हणाले पाण्यात म्हैस बाहेर मोल केलंस, म्हण लहानपणी पाठ केली होतीस ना. तेव्हापासून कितीही ओळखीचा माणूस असो, कोरडा दाखव म्हणते. मुलांना आठवण म्हणून छोट्या काचेच्या कुपीत पाण्यात ठेवलेले चुरे मिळतात ते द्या, दहावीस डॉलरचा मामला, काच आणि पाण्याने ते मोठे दिसतात एवढं फक्त मनात ठेवा.

बिलावर दुकानाचा एबीएन, म्हणजे धंद्याचा सरकारी नोंदणी नंबर, असल्याची खात्री करा. एकाच विक्रेत्याकडे 300 डॉलर किंवा जास्तीची खरेदी झाली आणि सासूबाई 60 दिवसांच्या आत भारतात परतत असतील तर एअरपोर्टवर टीआरएस, म्हणजे प्रवाशांना कर परत देणाऱ्या, काउंटरला जीएसटी परत मिळतो. खडा चेक-इन बॅगेत टाकू नका, अंगावर किंवा हातातल्या पर्समध्ये, दाखवावा लागतो. आणि ज्याने खर्च केला त्याच्याच नावावर परतावा, म्हणून पैसे सासऱ्यांच्या कार्डाने द्या, नंतर तुम्ही आपसात बघा.

दुकानात घासाघीस चालते का, थोडी चालते, पण आपल्याकडच्यासारखी निम्म्यापासून सुरू करू नका, म्हातारे खाणवाले मनाला लावून घेतात. आणि त्यांना किती सापडतं हे विचारू नका, शेतकऱ्याला पीक आणि सोनाराला घट विचारू नये तसंच आहे ते. त्याऐवजी 1956 च्या ऑलिंपिक ऑस्ट्रेलिसचा विषय काढा, मेलबर्नच्या ऑलिंपिकच्या वर्षी इथे सापडलेला, साडेतीन किलोच्या आसपासचा, एवढा मोठा ओपल, आणि मग ऐकत बसा. एकेकाकडे अर्धा तास पुरेल एवढा मसाला असतो.

गावात काही दुकानं बंद, खिडक्यांना जाळ्या, रस्त्यावर कुणी पैसे मागेल, घाबरण्यासारखं नाही, गाडी लॉक करा आणि मूळ लोकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, इतकंच. माशांसाठी चेहऱ्याच्या जाळ्या उन्हाळ्यात लागतात, जुलैत बहुधा नाही. गरम कपडे मात्र भरपूर, खोलीत उकडेल आणि दारात आलं की दात वाजतील.

निघायच्या सकाळी टाकी भरा. पुढे मार्ला साधारण 235 वर. उत्तरेकडच्या पंपांवर एक वेगळं पेट्रोल असतं, पेट्रोल हुंगायची नशा थांबावी म्हणून 2005 पासून आणलेलं, नशा आणणारे ॲरोमॅटिक घटक कमी असलेलं अनलेडेड, साध्या 91 ऑक्टेनवाल्या गाडीला बिनधास्त चालतं. त्याचं कंपनीने ठेवलेलं नाव ओपल. आमचे बाबा दोन दिवस खडे बघून, सावलीत धरून, कडेने वाकवून पार थकले होते, आणि पुढच्या सकाळी पंपावर उतरून ती पाटी वाचून आईला हाक मारून म्हणतात कसे, अगं ये बघ, आपण गुजरीत रत्तीवर विकतो, हे लिटरवर देतायत.